एका गोळीतले अठरा हजार परार्ध

सोलापुरातून पुण्याच्या रस्त्याला लागलं की आधी केगाव येतं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ तिथे आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही तिथलंच. रस्ता तसाच पुढे धरला की चिंचोळी एमआयडीसी लागते. आत वळणारे टँकर, ड्रमांनी भरलेले ट्रक, पाळी सुटली की फाटकाबाहेर मोटारसायकलींची गर्दी. विद्यापीठ, डाळिंब केंद्र आणि कारखाने एका रस्त्यावर आहेत, म्हणून हा लेख याच रस्त्यावरून लिहितो आहे. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रातलं ज्ञान आज किती आहे आणि त्यातलं सगळ्यांसाठी खुलं किती, हे आकड्यांनी मोजायचं तर यापेक्षा चांगली जागा मला दिसत नाही.

सुरुवात एका गोळीपासून करू. मेटफॉर्मिन, ५०० मिलिग्रॅम. घरोघरी तिला ‘शुगरची गोळी’ म्हणतात. दोन-तीन रुपयांना मिळते, जेवणाबरोबर घेतात आणि विसरून जातात. अकरावीत शिकवलेला मोलचा हिशेब या गोळीला लावला, तर तिच्यात औषधाचे १८ वर २० शून्यं इतके रेणू निघतात.

एवढी संख्या वाचायला लाख-कोटी पुरत नाहीत. त्यासाठी भास्कराचार्यांकडे जावं लागतं. इ.स. ११५० च्या ‘लीलावती’त त्यांनी एकापासून पुढे दहा-दहापटीनं वाढत जाणाऱ्या स्थानांची नावं दिली आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटचं, अठरावं स्थान परार्ध. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. आपल्या गोळीत असे अठरा हजार परार्ध रेणू आहेत.

तरी डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून ज्वारी घेऊ. गोळीतल्या प्रत्येक रेणूच्या जागी मालदांडी ज्वारीचा एक दाणा ठेवला आणि ती सगळी ज्वारी महाराष्ट्रभर, कोकण किनाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत, सारख्या थरानं पसरली, तर थराची उंची दोनशे मीटरच्या वर जाईल. सोलापूरचा सिद्धेश्वर, पंढरपूरचं राऊळ, मुंबईतल्या बहुतेक उंच इमारती, सगळं त्या ज्वारीखाली बुडेल. हे एका गोळीचं माप झालं.

पाळी, टन आणि पस्तीस वर्षं

चिंचोळीत रेणू कुणी मोजत बसत नाही. तिथला हिशेब बॅचचा आणि टनांचा. मेटफॉर्मिन बनवण्याची मूळ रीत साधी आहे: डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड आणि डायसायनडायअमाइड, दोघांचे रेणू सारख्या संख्येनं घ्यायचे आणि तापवायचे. यातला पहिला पदार्थ सोलापूरच्या परिसराला चांगला परिचयाचा. बालाजी अमाइन्सचे कारखाने तामलवाडीला आणि चिंचोळीला आहेत. मिथाइल अमाइन्स आणि त्यांच्यापासून होणारी रसायनं हा त्यांचा मुख्य व्यवसाय आणि हे हायड्रोक्लोराइड त्यांच्या उत्पादनांपैकी एक.

आता टनांचा हिशेब पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. समजा, त्यांतले फक्त एक कोटी लोक या गोळ्या रोज दोन घेतात. म्हणजे माणशी एक ग्रॅम, एक कोटी माणसांचे दिवसाला दहा टन आणि वर्षाला ३,६५० टन. त्यासाठी डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड लागेल सुमारे १,८०० टन. जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलेल्या त्या एवढ्याशा गोळीमागे टँकरांची रांग उभी असते.

हा रेणू पहिल्यांदा कुणी बनवला? १९२२ मध्ये डब्लिनच्या एमिल वर्नर आणि जेम्स बेल यांनी. त्यांनी रीत लिहिली, छापली आणि ते पुढच्या कामाला लागले. १९२९ मध्ये अशा संयुगांनी सशांच्या रक्तातली साखर उतरते असंही दिसलं. पण तोवर इन्सुलिन आलं होतं, सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. १९४९ च्या सुमारास फिलिपीन्समध्ये युसेबियो गार्सिया या डॉक्टरांनी हेच औषध फ्लूच्या रुग्णांना दिलं आणि त्यानं साखर उतरते अशी नोंद केली. ती नोंद पॅरिसच्या झाँ स्टेर्न यांच्या नजरेस पडली. त्यांनी मधुमेहाच्या रुग्णांवर औषध वापरून पाहिलं आणि १९५७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

१९२२ ते १९५७ म्हणजे पस्तीस वर्षं. रेणू तयार होता, रीत छापलेली होती, सशांवरचं निरीक्षणही छापलेलं होतं. फक्त डब्लिनचा रसायनशास्त्रज्ञ, फिलिपीन्सचा डॉक्टर आणि पॅरिसचा डॉक्टर यांचे कागद एका टेबलावर यायचे राहिले होते. ज्या दिवशी एकाचा कागद दुसऱ्याच्या हाती पडला, त्या दिवसापासून या औषधाचं आयुष्य सुरू झालं. खुल्या संशोधनाबद्दल मला जे म्हणायचं आहे त्याचं मूळ या पस्तीस वर्षांत आहे. ज्ञान निर्माण होणं आणि ते गरजवंताच्या हाती पडणं या दोन वेगळ्या घटना आहेत आणि दोन्हींच्या मध्ये माणसं आजारी असतात.

पदार्थांची नोंदवही

माणसाला आज किती रासायनिक पदार्थ ठाऊक आहेत? जगातली सगळ्यात मोठी नोंदवही अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सीएएस या विभागाकडे आहे. १९६५ मध्ये ती सुरू झाली. पहिले दहा कोटी पदार्थ भरायला पन्नास वर्षं लागली; २०१५ मध्ये तो टप्पा आला. पुढचे दहा कोटी दहा वर्षांच्या आतच भरले. आज तिथे २० कोटींहून जास्त पदार्थ आहेत. दर सेकंदाला एक नाव वाचायचं ठरवलं, झोप नाही, जेवण नाही, तरी सहा वर्षं पुरणार नाहीत.

ही नोंदवही वर्गणीची आहे. त्यातल्या सुमारे पाच लाख नेहमीच्या पदार्थांची माहिती कुणालाही मोफत पाहता येते. वीस कोटींत पाच लाख म्हणजे चारशेत एक.

दुसरी नोंदवही पबकेम. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २००४ मध्ये ती सुरू केली आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुली ठेवली. पुढच्याच वर्षी अमेरिकन केमिकल सोसायटीनं तिला आक्षेप घेतला: सरकारनं आमच्या क्षेत्रात उतरू नये, असा त्यांचा मुद्दा होता. पबकेम टिकली. आज तिच्यात ११ कोटींहून जास्त संयुगं आहेत. प्रत्येकाची रचना आणि गुणधर्म, अनेकांचे धोके आणि प्रयोगांचे निकालही. त्यासाठी खातं उघडावं लागत नाही की पैसे भरावे लागत नाहीत. मोबाइलमध्ये इंटरनेट असलं की झालं.

हे आकडे मोठे वाटतात, पण निसर्गात काय काय शक्य आहे त्याच्यापुढे ते धुळीच्या कणाएवढेही नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात झाँ-लुई रेमाँ यांच्या गटानं २०१२ मध्ये एक यादी केली. हायड्रोजन सोडून जास्तीत जास्त सतरा अणू घ्यायचे. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक आणि क्लोरीनच्या कुळातले. रसायनशास्त्राचे नियम पाळून त्यांचे किती वेगवेगळे रेणू रचता येतील? संगणकानं प्रत्येक रेणू खरोखर मांडून मोजला: १६,६४० कोटी. मेटफॉर्मिनमध्ये असे नऊच अणू असतात, तेव्हा या यादीत तो लहान मुलांच्या रांगेत उभा राहील. सेकंदाला एक रेणू या वेगानं ही यादी वाचायला पाच हजार दोनशे वर्षं लागतील. सिंधू संस्कृतीची शहरं उभी राहण्याआधी कुणी वाचायला बसलं असतं, तर ते आता कुठे संपवत आलं असतं.

सतरा अणूंची मर्यादा तीसपर्यंत वाढवली तर? औषध म्हणून उपयोगी पडू शकतील अशा रेणूंचा एक अंदाज रसायनशास्त्रात वारंवार सांगितला जातो: १ वर ६० शून्यं. इथे भास्कराचार्यांची स्थानंही संपतात. परार्धाला परार्धानं गुणलं, त्याला पुन्हा परार्धानं गुणलं, तरी ५१ शून्यंच होतात. अशा प्रत्येक रेणूचा फक्त एकेक नग गोळा केला, त्यांचा सरासरी रेणुभार ४०० धरला, तर त्या ढिगाचं वजन तीन लाखांहून अधिक सूर्यांइतकं भरेल. प्रत्येकाचा एकच नग, आणि तीन लाख सूर्य!

एवढ्या अंधारात माणसानं आजवर वीस कोटी पणत्या लावल्या आहेत. मला वाटतं, पणत्या इतक्या थोड्या असताना त्यांच्याभोवती भिंत बांधणं माणसाला परवडणारं नाही.

एक कोटीत एक

मोठ्या आकड्यांइतकेच लहान आकडेही डोकं फिरवतात. २०१९-२० मध्ये जगभरच्या औषध-उद्योगापुढे एक प्रश्न उभा राहिला. मेटफॉर्मिनच्या काही गोळ्यांमध्ये एनडीएमए नावाच्या अशुद्धीचा माग सापडला. तिच्या मुळाशी डायमिथाइल अमाइनच असतं. नायट्राइटशी गाठ पडली की त्यापासून ती तयार होऊ शकते. कर्करोगाचा संभव असल्यानं तिच्यासाठी मर्यादा ठरली आहे दिवसाला ९६ नॅनोग्रॅम.

रोजच्या एक ग्रॅम औषधात ९६ नॅनोग्रॅम म्हणजे वजनानं सुमारे एक कोटीत एक भाग. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख होती. असे जवळपास अडीच जिल्हे एकत्र करायचे, प्रत्येक घराचं दार वाजवायचं आणि त्या सगळ्यांतून एकच माणूस हुडकायचा. क्यूसीच्या, म्हणजे दर्जा तपासणीच्या प्रयोगशाळेत बसलेल्या मुला-मुलींना रोज हे करावं लागतं. आणि तेवढ्याशा ९६ नॅनोग्रॅममध्येही रेणू असतात जवळपास आठ जलधी, म्हणजे ७८ वर १३ शून्यं.

हा कण शोधायचा कसा? इथे खुलेपणा कामाला आला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मेटफॉर्मिनमधला एनडीएमए मोजण्याची आपली पद्धत सगळ्या तपशिलांसह जाहीर करून टाकली: कोणतं यंत्र, कोणता द्रव, किती वेळ, कुठल्या वस्तुमानावर नजर ठेवायची. डब्लिन असो की चिंचोळी, ज्याच्याकडे यंत्र आहे त्यानं त्याच दिवशी कागद उघडावा आणि कामाला लागावं. एका प्रश्नाचं उत्तर शेकडो कारखान्यांनी शेकडो वेळा नव्यानं शोधण्यात जे महिने गेले असते ते वाचले. त्या महिन्यांत गोळी घेणारी माणसं कोट्यवधी होती.

केगावची डाळिंबं आणि सहाशे किलोमीटरची फळी

आता केगावला परत येऊ. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि बागांमध्ये मुख्य वाण भगवा. या भगव्याच्या जनुकसंचाची मांडणी डाळिंब केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये ‘फ्रंटियर्स इन प्लांट सायन्स’ या खुल्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ती ३४ कोटींहून जास्त अक्षरांची आहे. अक्षरं चारच, ए, सी, जी, टी. पण ती कोणत्या क्रमानं येतात त्यावर रंग, गोडी, सालीची जाडी, सगळं अवलंबून. सेकंदाला एक अक्षर वाचलं तर भगवा पुरता वाचायला जवळपास अकरा वर्षं लागतील. पानाला अडीच हजार अक्षरं आणि ग्रंथाला पाचशे पानं धरली तर ते पावणेतीनशे ग्रंथ होतील आणि त्यांना आठ मीटर लांबीची फळी लागेल. भगव्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हे ग्रंथालय भरलेलं आहे.

या बागांचा वैरी म्हणजे तेल्या. पानांवर, फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं आणि तोंडाशी आलेला बहार जातो. तो ज्या जिवाणूमुळे होतो त्याच्या जनुकसंचात सुमारे ५० लाख अक्षरं आहेत, म्हणजे चार ग्रंथ. चार ग्रंथांचा जीव पावणेतीनशे ग्रंथांच्या झाडाला आडवं करतो आणि त्याच्यामागे कर्ज काढून बाग लावलेल्या घराला. या चार ग्रंथांचा मजकूरही भारतीय शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. झाड आणि रोग, दोघांची पोथी आज खुली आहे. जगात कुठेही बसलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात.

अशा पोथ्यांचा सार्वजनिक साठा म्हणजे जेनबँक. डिसेंबर १९८२ मध्ये तिच्यात ६०६ नोंदी होत्या आणि ६,८०,३३८ अक्षरं. आपल्या मापानं पावणेतीनशे पानांचं एकच पुस्तक. आज तिथे २५ लाख कोटींहून जास्त अक्षरं आहेत, पाच लाखांहून जास्त प्रजातींची. छापली तर दोन कोटी ग्रंथ. ग्रंथाची जाडी तीन सेंटिमीटर धरून ते एका फळीवर लावले तर फळी सहाशे किलोमीटर लांब होईल. सोलापूरहून पुण्याला जायचं, परत यायचं, तरी शंभर किलोमीटर फळी उरेल. चाळीस वर्षांत एका पुस्तकाची दोन कोटी पुस्तकं झाली आणि त्यातलं एकही कुलपात नाही.

हे आपोआप झालं नाही. १९९६ मध्ये मानवी जनुकसंचावर काम करणारे शास्त्रज्ञ बर्म्युडा बेटावर जमले आणि त्यांनी एक नियम स्वतःवर घालून घेतला: वाचलेला मजकूर २४ तासांत सगळ्यांसाठी खुला करायचा. स्वतःचा लेख छापून येण्याची वाट पाहायची नाही, पेटंटसाठी दडवून ठेवायचा नाही. त्या सवयीचं फळ जगाला जानेवारी २०२० मध्ये मिळालं. नव्या करोना विषाणूची २९,९०३ अक्षरं, आपल्या मापानं बारा पानं, महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जाहीर झाली. आठवडाभरात तपासणीची पहिली पद्धत जगापुढे होती. मार्चमध्ये पुण्याच्या मायलॅबच्या तपासणी संचाला मान्यता मिळाली, देशी बनावटीचा पहिला संच. बारा पानं कुणी दडवली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मांडायला माझा हात धजत नाही.

प्रथिनांची गोष्टही अशीच आहे. प्रथिनांच्या रचनांचा खुला साठा १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झाला. एकेका रचनेसाठी कुणाची तरी पीएचडीची वर्षं खर्ची पडत. २०२३ पर्यंत हा साठा दोन लाखांवर गेला. या खुल्या साठ्यावर शिकलेल्या अल्फाफोल्ड या प्रणालीनं जुलै २०२२ पर्यंत २० कोटींहून जास्त रचनांचे अंदाज मांडले आणि तेही मोफत खुले झाले. बावन्न वर्षांचे दोन लाख आणि त्यांच्या जोरावर हजारपट. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. त्या पारितोषिकामागे नाव न झालेल्या हजारो संशोधकांनी उघड्यावर ठेवलेल्या रचना आहेत.

कुलूप कुठे आहे

माहितीचे साठे खुले झाले. माहितीचा अर्थ सांगणारे लेख मात्र अजून मोठ्या प्रमाणात कुलपात आहेत.

पबमेड या सूचीत जीवशास्त्र आणि वैद्यकातल्या ३ कोटी ७० लाखांहून जास्त लेखांची नोंद आहे. रोज एक लेख वाचायचा म्हटलं तर एक लाख वर्षं लागतील. दर वर्षी पंधरा लाखांहून जास्त लेखांची भर पडते. चिंचोळीच्या भाषेत, आठ तासांच्या एका पाळीत तेराशेहून जास्त लेख. कामगार पंच करून आत गेला आणि पाळी संपवून बाहेर आला, तेवढ्यात तेराशे. यातलं पूर्ण मजकुरासह मोफत वाचता येणारं भांडार म्हणजे २००० साली सुरू झालेलं पबमेड सेंट्रल. तिथे आता एक कोटीवर लेख आहेत. उरलेल्यांपैकी काही इतरत्र खुले आहेत, बाकीच्यांच्या दारात पैसे मागितले जातात.

हे सगळं कुणीच वाचू शकत नाही, कुणाला वाचायचंही नसतं. प्रत्येकाला हवा असतो त्याच्या अडचणीवरचा एखादा लेख. समजा, रात्रपाळीतल्या एखाद्या केमिस्टची बॅच रंग धरते आहे. कारण सांगणारा लेख सूचीत दिसतो, सारांशही दिसतो आणि पुढच्या ओळीवर किंमत येते: एका लेखाचे साधारण ३० ते ५० डॉलर. म्हणजे अडीच ते चार हजार रुपये, आणि आत नेमकं आपलं उत्तर आहे की नाही हे पैसे भरल्यावर कळणार. उत्तरापर्यंत पोचायला असे वीस लेख चाळावे लागतात. मग तो पान बंद करतो आणि बॅच अंदाजानं चालते.

भारत सरकारनं या कुलपावर एक मोठी किल्ली घडवली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘एक देश, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून जास्त संस्था आणि जवळपास १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक व संशोधक. ६,००० कोटी म्हणजे दिवसाला साडेपाच कोटी. पण वाचकांत वाटून पाहा: माणशी वर्षाला अकराशे रुपये, दिवसाला तीन रुपये. शुगरच्या एका गोळीची किंमत!

एवढ्यात जिल्ह्याच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीपुढे तीच पानं उघडतात जी परदेशातल्या श्रीमंत विद्यापीठात उघडतात. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मनापासून मोठी म्हणायला हवी. पण ही किल्ली सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी घडवली आहे. केगावच्या विद्यापीठात जे पान उघडतं, ते याच रस्त्यावर पुढे चिंचोळीतल्या कारखान्यात उघडेलच असं नाही. स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर, तेल्याशी झुंजणारा शिकलेला शेतकरी, शाळेतला विज्ञानाचा मास्तर, पदवी घेऊन चिंचोळीत नोकरीला लागलेला मुलगा, हे सगळे किल्लीच्या बाहेर राहतात. विद्यापीठातून बाहेर पडण्याच्या दिवशीच त्या मुलाच्या हातातून तेरा हजार नियतकालिकं निसटतात, आणि त्यांचा खरा उपयोग तर त्या दिवसापासून सुरू व्हायचा असतो.

दुसरं एक दारही आहे. वाचकाला मोफत देणारी अनेक नियतकालिकं लेखकाकडून पैसे घेतात. २०२१ पासून ‘नेचर’नं खुल्या लेखासाठी लावलेलं शुल्क होतं ९,५०० युरो, तेव्हाचे आठ लाख रुपयांहून जास्त. वाचणाऱ्याचं दार उघडताना लिहिणाऱ्याचं बंद होतं. पण तिसरी वाटही आहे आणि ती आपल्याकडे जुनी आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिकं तिच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात आणि लेख छापण्यासाठी लेखकाला पैसे मोजावे लागत नाहीत. मुंबईच्या केईएममधून १९५५ पासून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ही कुणालाही वाचायला खुलं आहे. अशा नियतकालिकांचा खर्च संस्था उचलते, पर्यायानं समाज उचलतो.

पाटणचा शिलालेख

समाजानं खर्च उचलावा, ही कल्पना बाहेरून आलेली नाही. चाळीसगावजवळच्या पाटण गावात एक शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला आणि त्या मठाला दिलेल्या दानाची ती नोंद आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारं उत्पन्न मठाला दिलं, असं तो सांगतो.

आठशे वर्षांपूर्वी बाजारात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खरेदीतून गणिताचा अभ्यास चालावा, अशी तजवीज या मातीत झाली होती आणि ती दगडावर कोरली गेली. मठात जे शिकवलं जात होतं त्यात ‘लीलावती’ही होती, म्हणजेच परार्धापर्यंतची ती स्थानंही. आजच्या संशोधनाचा मोठा भाग असाच चालतो. केगावच्या डाळिंबाचा जनुकसंच वाचायला लागलेला पैसा करातून आला, तो चिंचोळीच्या कामगाराच्याही खिशातून गेला आहे. त्यानं विकत घेतलेल्या साबणावर, पेट्रोलवर, चहाच्या पुड्यावर तो भरला गेला. खर्च सगळ्यांचा आणि वाचायचा हक्क काहींचा, हा व्यवहार पाटणच्या बाजारातल्या माणसालाही पटला नसता.

तेव्हा मागणं सरळ आहे. लोकांच्या पैशातून झालेलं संशोधन छापून येईल त्या दिवशी लोकांना वाचता यावं. आणि ‘एक देश, एक वर्गणी’ची किल्ली रस्त्याच्या पुढच्या टोकापर्यंत पोचावी: जिल्ह्याच्या सार्वजनिक वाचनालयात, औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वाचन-कक्षात, कृषी विज्ञान केंद्रात, सरकारी रुग्णालयात. तिथे संगणक असतो, माणूस असतो, अडचण घेऊन येणाराही असतो.

उघडं दार कसं दिसतं ते पाहायचं असेल तर आज रात्री मोबाइलवर पबकेम उघडा. अकरा कोटींहून जास्त पानांपैकी मेटफॉर्मिनच्या पानाचा क्रमांक आहे ४०९१. चार आकडी, गाडीच्या नंबरासारखा, लक्षात राहणारा. अठरा हजार परार्ध रेणूंच्या गोळीचं सगळं शहाणपण त्या चार आकड्यांमागे आहे: डब्लिनची रचना, पॅरिसचा उपयोग, धोके, मात्रा, शुद्धता. विद्यापीठाच्या वसतिगृहात ते जेवढ्या वेळात उघडतं तेवढ्याच वेळात चिंचोळीच्या फाटकावर, पाळी बदलायची वाट पाहत उभ्या असलेल्या मुलाच्या हातातही उघडतं.